चालतो म्हणून दिलेला लॅपटॉप

"मग चुकलं कुठं माझं, मास्तर?"

मिरजेचे कादरमास्तर स्क्रू आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विंडोजऐवजी वापरायची फुकटातली लिनक्स प्रणाली सगळ्याच लॅपटॉपवर धड चालत नाही. ती घालायला कोणता लॅपटॉप घ्यावा, हे विचारायला लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. शांतिनाथ मगदूम त्यांचाच चेला. विद्या पुरती हाताला लागायच्या आत गड्यानं स्टँडजवळ स्वतःचं दुकान थाटलं. तपासलेल्या लॅपटॉपवर तो हिरवा स्टिकर लावायचा, 'लिनक्सवर चालतो'. लोक स्टिकर बघून निर्धास्त घ्यायचे आणि ह्याची मान आणखी ताठ व्हायची.

आज मात्र त्याचं तोंड उतरलं होतं. वत्सला बिरनाळे नावाची अंध मुलगी असा स्टिकरवाला लॅपटॉप घेऊन गेली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, तोच तिचा आधार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत होती. आणि लॅपटॉप मुका! बिचारी त्याच्यापुढं बसून राहिली, तिकडं कंपनीनं तिला गैरहजर धरलं. नोकरी गेली. भावानं तो लॅपटॉप आणून शांतिनाथच्या काउंटरवर आपटला. तोच घेऊन शांतिनाथ आता मास्तरांपुढं बसला होता.

"मी सगळं तपासलं होतं. वायफाय, कॅमेरा, आवाजसुद्धा."

"आवाज कसा तपासलास?"

"हेडफोन लावून. स्टँडवर गोंगाट किती असतो, तुम्हाला ठाऊक आहे."

"आणि लॅपटॉपचे स्पीकर?"

"ते राहिले. लिनक्सवर ते चालतच नाहीत, हे नंतर कळलं."

"तिला चालवायला दिला होतास?"

मास्तरांची रीतच ती. गिऱ्हाईक घरी जे काम करणार, ते त्याला समोर बसवून करायला लावायचं, आणि आपण हाताची घडी घालून बघायचं. शांतिनाथला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

"रांग लागली होती, मास्तर. आणि हेडफोन लावले असते तर बोलला असता की! एवढं तरी तिला सुचायला नको?"

मास्तर उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी शांतिनाथच्या डोळ्यांवर करकचून बांधला आणि लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ढकलला.

"कर सुरू."

त्यानं चाचपडत बटण दाबलं. थांबला... पुन्हा दाबलं.

"मास्तर, हा सुरू आहे का बंद?"

त्यानं कान लॅपटॉपजवळ नेला.

"मास्तर... तुम्ही आहात ना इथं?"

छताच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आधी त्याला राग आला, मग दरदरून घाम फुटला. मग मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कळलं, मास्तर. इथून पुढं स्पीकरही तपासतो. तिला दुसरा लॅपटॉप देतो, फुकट देतो... सोडू आता हे?"

टॉवेलच्या गाठीकडं गेलेला त्याचा हात मास्तरांनी धरला.

"असाच जा तिच्या दारात. ती सोड म्हणाली, तर सोड."