एकही तक्रार नाही

"आणि तक्रारी किती आल्या?"

"एकही नाही." शार्दूल नाईकनवरे ताठ बसला. "वर्ष झालं, आपा. एकसुद्धा तक्रार नाही."

"अरेरे…"

नजमाआपा इतक्या कळवळून म्हणाल्या की शार्दूलला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

"तक्रार नाही, म्हणालो मी."

"ऐकलं रे. म्हणूनच."

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर नजमा शिकलगार राहायच्या. जन्मभर त्यांनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला. निवृत्त झाल्या, पण विद्यार्थी काही सुटले नाहीत. पुण्या-बंगळुरात मोठ्या हुद्द्यांवर बसलेली माणसं नवं सॉफ्टवेअर बाहेर काढण्याआधी लॅपटॉप काखोटीला मारून हा जिना चढायची. आपा फार बोलत नसत. एखादा प्रश्न विचारत. त्या प्रश्नापायी कुणाकुणाचं महिन्याभराचं काम पुन्हा सुरू व्हायचं.

शार्दूल मात्र प्रश्नासाठी आला नव्हता. शाबासकीसाठी आला होता.

त्याच्यासोबत मृण्मयी होती, त्याची कामातली जोडीदार. दोघांनी नोकऱ्या सोडून 'राखण' नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं होतं. एखाद्या संस्थेतले सगळे कॉम्प्युटर 'राखण' एका पडद्यावर दाखवायचं. चालू असलेलं हिरवं, बंद पडलेलं लाल. कॉलेजांत, रुग्णालयांत कॉम्प्युटर सांभाळणारी जी एकटीदुकटी माणसं असतात, त्यांच्यासाठी ते होतं. फुकट होतं. आज त्याचं नवं व्हर्जन निघायचं होतं.

"तक्रार करायची झाली तर माणसानं कुठं करायची?" आपांनी विचारलं.

"तशी वेळच येत नाही ना."

"आली तर?"

शार्दूलनं लॅपटॉपवर एक पान उघडलं.

"कसं वापरायचं, त्याच्या सूचनांचं पान आहे. सविस्तर आहे. त्यात सगळी उत्तरं आहेत."

"उत्तरं आहेत, ठीक. प्रश्न कुठं विचारायचा?"

…

मृण्मयी खिडकीबाहेर बघू लागली. समोरच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. हा प्रश्न तिनं शार्दूलला कितीदा तरी विचारला होता, आणि दर वेळी भांडण झालं होतं. आता ती मुद्दाम गप्प राहिली.

"पडद्यावर वर काय लिहिलंय?" आपा लॅपटॉपवर वाकल्या.

"माझं नाव. निर्मिती: शार्दूल नाईकनवरे आणि मृण्मयी सबनीस."

"छान. त्याच्याखाली तुझा फोन नंबर लिही."

"माझा? स्वतःचा?"

"मग काय माझा लिहितोस?"

"आपा, लोक काहीही विचारतील! वेळीअवेळी विचारतील. कीबोर्ड चालत नाही म्हणूनसुद्धा मलाच फोन करतील!"

"करू देत."

"मी कोड लिहू कधी मग?"

आपांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

शार्दूलनं मृण्मयीकडे पाहिलं. तिथूनही मदत आली नाही. शेवटी त्यानं नंबर टाकला, बारीक अक्षरात.

"मोठा कर," आपा म्हणाल्या.

त्यानं केला.

"अजून."

आता नंबर त्याच्या नावापेक्षा मोठा दिसू लागला. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं तो तसाच ठेवला. मग बटण दाबलं. नवं व्हर्जन निघालं. ज्यांच्याकडे जुनं होतं, त्यांच्या पडद्यांवर आता 'अपडेट करा' अशी पाटी झळकणार होती.

"झालं," शार्दूल म्हणाला. "निघतो मग."

"बस की. जेवून जा."

जेवण झालं. फोन वाजला नाही.

आधी शार्दूलला बरं वाटलं. बघा, असा चेहरा करून तो आपांकडे पाहत राहिला. मग त्यानं फोनचा आवाज चालू आहे ना, ते पाहिलं. थोड्या वेळानं फोन उचलून खिडकीपाशी ठेवला, तिथे रेंज जास्त येईल म्हणून.

"तू मला एक फोन लाव," तो मृण्मयीला म्हणाला.

तिनं लावला. वाजला.

"चालू आहे," ती म्हणाली.

"हो…"

उन्हं कलली. आपा मटार सोलत बसल्या होत्या. शार्दूल उठायचा, फेऱ्या मारायचा, बसायचा.

मध्येच फोन खणाणला. त्यानं झडप घातली. आईचा होता. नेलेला डबा परत आण, विसरू नकोस, असं सांगायला केला होता.

फोन ठेवून तो आपांसमोर येऊन बसला.

"आपा," शेवटी तो हळूच म्हणाला, "कुणी वापरतच नसेल तर?"

आपांनी मटार सोलायचे थांबवले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भीती वाटते?"

"हो. दोन वर्षं दिलीत आम्ही याला. आणि मी… मी कुणाला कधी विचारलंच नाही."

मृण्मयी त्याच्याशेजारी येऊन बसली. असं वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"शार्दूल नाईकनवरे का?" पलीकडचा माणूस जवळपास ओरडतच होता. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मी बिराजदार बोलतोय, तालुक्याच्या रुग्णालयातून. इथले कॉम्प्युटर मी बघतो. अहो, काय पाठवलंय हे तुम्ही? अपडेट केलं आणि सगळा पडदा लाल! सगळी मशीनं बंद! धावत सुटलो मी. जिन्यात चप्पल तुटली. वर जाऊन बघतो तर सगळी मशीनं मजेत चालू! नर्सबाई हसताहेत मला!"

शार्दूलची मान पुन्हा ताठ झाली. चूक काय असणार, हे त्याच्या क्षणात लक्षात आलं होतं. मशीनच्या घड्याळाची वेळ मागे असेल, तर नवं व्हर्जन ते मशीन बंद समजायचं.

"हे बघा," तो म्हणाला, "तुमच्या मशीनची घड्याळं मागे आहेत. ती नीट लावून घ्या, असं सूचनांमध्ये स्पष्ट लि…"

पुढचा शब्द आलाच नाही.

आपा केव्हा उठल्या, केव्हा डबा उघडला, त्याला कळलंही नाही. त्यांनी त्याच्या उघड्या तोंडात चमचाभर साखर घातली होती.

शार्दूल डोळे विस्फारून बघत राहिला. तोंड भरलेलं. बोलता येईना.

…

"हॅलो? ऐकताय ना?" बिराजदार म्हणाले.

"ऊं," शार्दूल म्हणाला.

"मग ऐका. घड्याळं मागे आहेत, मान्य. पण ती गेली कित्येक वर्षं मागेच आहेत. तुमचं जुनं व्हर्जन कधी कुरकुरलं नाही त्यावर. मी रोज दोन्ही वेळच्या चहाच्या आधी तुमचा पडदा बघतो. सगळं हिरवं दिसलं की मग चहा. आज चहासुद्धा राहिला माझा!"

शार्दूलनं घाईघाईनं साखर गिळली.

"रोज… बघता?"

"म्हणजे काय! पावसाळ्यात औषधांच्या कोठारातलं मशीन बंद पडलं होतं, ते तुमच्यामुळं लगेच कळलं. त्या दिवशी कितीजणांना औषधं वेळेवर मिळाली, ठाऊक आहे?"

"हे तुम्ही कधी कळवलं नाहीत…"

"कुठं कळवायचं? नंबर होता का तुमचा? आज दिसला, म्हणून तर केला!"

शार्दूलनं फोन कानापासून जरा दूर धरला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"बिराजदारसाहेब," तो म्हणाला, "चूक माझी आहे. तुम्ही घड्याळांना हात लावू नका. मी दुरुस्त करून पाठवतो. तोवर चहा घ्या."

"घेऊ ना?" पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

"निवांत घ्या."

मग दोघं कामाला लागले. मृण्मयी एकेक ओळ तपासत होती, शार्दूल बदलत होता. मध्येच एका कॉलेजातून बाईंचा फोन आला, अक्षरं फार बारीक दिसतात म्हणून. त्यांच्यापाठोपाठ एका गृहस्थांचा आला. त्यांना लाल रंगच नीट ओळखू येत नव्हता आणि रंगासोबत आवाजही द्यावा, अशी त्यांची विनंती होती. दर फोनला शार्दूल मृण्मयीच्या आधी उडी मारायचा.

"अहो, तुम्ही फार चांगलं सांगितलंत," तो प्रत्येकाला म्हणत होता. "अजून काही खटकतंय का? आठवून बघा ना!"

मृण्मयी हसून हसून लॅपटॉपवर कपाळ टेकून बसली. आपांनी मटारची उसळ टाकली.

दिवेलागणीला दुरुस्त केलेलं व्हर्जन निघालं. लगेच बिराजदारांचा फोन आला. सगळं हिरवं होतं. नर्सबाईंनासुद्धा दाखवलं, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

शार्दूलनं लॅपटॉप मिटला. तो उठला, आणि कॉलेजात असताना कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. आपांसमोर खाली वाकला.

आपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा वेळ तसाच राहू दिला…

"जा बाळा. तुझ्यात पुष्कळ चुका सापडू देत लोकांना."