कोरड्या नदीतलं पाणी

लिहा लिहा म्हणून नातसुनेनं डोकं खाल्लं, म्हणून लिहितोय. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात वही देतात का कुणी? आणि समजलं नाही तर मला विचारायला येऊ नका. मलाही समजलेलं नाही.

"पाण्यात गेलेला माणूस कुठं जातो?"

ओर्सोला बाई विचारत होती. इटलीची. पाण्याचं चित्रीकरण करायचं आणि अंधाऱ्या खोलीत चारी भिंतींवर सोडायचं, हा तिचा धंदा. लोक तिकीट काढून ते बघतात म्हणे. असतात लोक.

मी मध्ये दुभाषा. इटालियन बोटीवर अकरा वर्षं भांडी घासली, तेवढी भाषा येते.

विचारलं होतं हसनशा बाबांना. आमच्या नदीकाठी पिराच्या जागेवर राहणारे फकीर.

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"तिचा बाप दलदलीत वाम मासे धरायचा," मी बाबांना सांगितलं. "होडी सापडली, बाप नाही. तेव्हापासून वीस वर्षं ही पाणीच टिपतेय. म्हणते, एवढ्या पाण्यात एकदाही तो भेटला नाही. इथंही उत्तर मिळालं नाही तर कॅमेऱ्याचं मशीन टाकून जाणार. पुन्हा हात लावणार नाही."

"मला तहान लागलीय," बाबा म्हणाले. "चल बेटी."

चैत्र सरत आलेला. नदीत नुसते गोटे. बाबांनी वाळूत हातभर खड्डा खणला. आमच्याकडं उन्हाळ्यात असंच पाणी काढतात. आधी तळाला ओल आली, मग पाणी चढलं.

बाईनं धावत कॅमेरा लावला. पाण्यात आभाळ दिसायला लागलं, तिचा चेहरा फुलला…

आणि बाबांनी करवंटीनं सगळं पाणी उपसून फेकलं.

बाई ओरडली.

"काय म्हणते?"

"माझं पाणी, म्हणते."

"गढूळ होतं. पहिलं पाणी फेकायचं असतं."

पुन्हा भरलं. पुन्हा फेकलं. तिसऱ्या वेळी बाईनं करवंटीच हिसकावली.

"बरं," बाबा म्हणाले. "तूच उपस. कोरडा झाला की हाक मार."

बाई हट्टी. जेवणवेळ टळली तरी उपसत होती. कोपरापर्यंत चिखल, मान उन्हानं लालबुंद. खड्डा काही कोरडा होईना. उलट पाणी काचेसारखं नितळ झालं.

"होत नाही," ती म्हणाली. रडकुंडीला आलेली.

"कोण भरतंय?"

"नदी."

"कुठाय नदी?"

बाईनं वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. गोटे…

मला गप्प बसणं जमत नाही. मी आपलं पदरचं सांगून टाकलं, "बाबा म्हणतायत, तुझा बाप कुठं गेला नाही. खालून वाहतोय."

बाईनं कॅमेरा बंद केला. वाळूवर आडवी झाली. कान लावला. किती वेळ तशीच…

मग उठून ओंजळीनं ते पाणी प्यायली. आठ दिवस बाटलीबंद पाण्याशिवाय घोट न घेतलेली बाई! बाबांच्या पायाला हात लावला आणि निघाली. मशीन खांद्यावर होतं.

पाण्याला आलेल्या चार बायका हंडे घेऊन बघत उभ्या.

"धाकू, काय सांगितलंस तिला?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मी असं कधी म्हणालो?"

"मग खड्डा कोण भरतंय, हे का विचारलंत?"

"गाढवा, मला ठाऊक असतं तर तिला विचारलं असतं का?"

चार बायकांदेखत गाढव म्हटलं मला. माफी अजून मागितलेली नाही, हसनशा बाबांनी.