रानम्हशीची उसण

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात जन्मलेली एक खार कंबरदुखीवरची विद्या शिकायला फार दूर, समुद्रकाठच्या एका म्हाताऱ्या कासवाकडे गेली होती. शिक्षण संपवून ती परत निघाली तेव्हा वाटभर तिच्या मनात एकच चित्र होते. आपल्या जंगलातले दुखणेकरी कुठेतरी झुडपात एकटे कण्हत पडले असतील, त्यांना कोणी विचारत नसेल, आणि आपण दिसलो की सगळे ‘आलीस का एकदाची!’ म्हणत धावत येतील. येऊन पाहते तो सगळे उलटेच! जांभळीखाली एक रानम्हैस पडली होती आणि सारे जंगल तिच्यासाठी राबत होते. हरणे कोवळे गवत आणून तिच्या तोंडाशी ठेवत होती. ससे मऊ पाला पसरत होते. मोर पिसाऱ्याने माश्या वारत होता. तिने मान जरा वर केली की सगळे एका सुरात ओरडत, “हलू नकोस, हलू नकोस!” खारीकडे कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही.

झाले होते असे. ओढ्यात आडवा पडलेला एक ओंडका शिंगांनी ढकलताना रानम्हशीच्या कमरेत उसण भरली होती. जंगलात उसणीवरचा वैद्य एकच, एक म्हातारा वानर. तो पायाळू होता, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आला होता. आणि अशाचा पाय कमरेला लागला की उसण पळते, अशी तिथे सर्वांची समजूत होती. वानराने पाय लावला, उन्हात तापलेला दगड कमरेवर ठेवला आणि बजावले, “दुखणं पुरतं जाईपर्यंत जागचं हलायचं नाही.” तेव्हा पळस फुलला होता. आता त्याची फुले गळून गेली होती, तरी रानम्हैस पडूनच होती.

इकडे ओढा आटत चालला होता. दर उन्हाळ्यात रानम्हशींचा कळप खिंड ओलांडून पलीकडच्या डोहावर जाई. कळपाची नायिका रोज सकाळी येऊन पाण्याकडे बघे आणि मग रानम्हशीकडे. खार आली त्या दिवशी ती म्हणाली, “परवा पहाटे निघावं लागेल, बाई. रेडकांनासुद्धा पाणी पुरत नाही आता. तुझ्यासाठी थांबले असते, पण…” कळप गेला की मागे काय उरणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. कोरडा ओढा, आणि वाघ.

खार जांभळीवरून सरसर खाली उतरली. “मावशी, मी बघू का तुझी कंबर?”

फांदीवरचा कावळा खो खो हसला. “तू? अगं, तू पायाळू आहेस का?”

“नाही. मी शिकून आले आहे.”

“अरेरे! आणि कुणाकडे शिकलीस म्हणे?”

“कासवगुरुजींकडे.”

“ज्याची पाठ जन्मात वाकली नाही, तो पाठीचं शिकवणार! ऐका हो, ऐका!”

खारीने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तिने रानम्हशीला एकेक विचारले. पायातले बळ गेले आहे का? शेपटीजवळ बधिर वाटते का? लघवीला अडते, किंवा झालेली कळत नाही, असे होते का? अंगात ताप आहे का? रानम्हैस प्रत्येक वेळी नाही म्हणाली. तेव्हा खारीने सुटकेचा निःश्वास टाकला. “यातलं एक जरी असतं ना मावशी, तर मी तुला बोटही लावलं नसतं. मोठ्या वैद्याला आणायला धावले असते. पण हे तसलं नाही. तुझ्या कमरेचे स्नायू घाबरून आवळून बसलेत. दुखतंय म्हणजे मोडलंय असं नव्हे. पडून राहिलीस तर ते आणखी आखडतील आणि दुबळे होतील. तुला चालायला हवं!”

इथवर सारे ठीक होते. पण खार तरुण होती आणि तिच्या डोक्यात विद्या उकळत होती. ती वारुळावर चढली आणि पाठीचे मणके, मणक्यांमधल्या गाद्या, गाद्यांमधले पाणी असे सांगत सुटली. आधी ससे गेले, मग हरणे गेली. मोराला जांभया आल्या. शेवटी ती ओरडली, “ऊठ मावशी! आत्ताच्या आत्ता ओढ्यापर्यंत चल आणि दाखव सगळ्यांना!”

मागे राहण्याच्या भीतीने रानम्हैस कशीबशी उठली आणि चालू लागली. निम्म्या वाटेवर ती थबकली, तर खार पुढून ओरडली, “थांबू नकोस, चल!” आणखी थोडे गेल्यावर कमरेत अशी कळ आली की ती तिथेच मटकन बसली. सारे जंगल धावले. वानर काठी टेकत आला. “बघितलंस? मोठी आली शिकवणारी! ती मेली असती म्हणजे?”

खार जवळच्या वडाच्या ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसली. याच ढोलीत दवाखाना उघडायचा असे तिने समुद्रकाठीच ठरवले होते आणि मघाशी वारुळावरून सगळ्यांना सांगितलेही होते. आता दवाखाना कसला नि काय, असे तिला वाटले.

ऊन कलल्यावर खालून हळूच हाक आली. “खारूबाळ, झोपलीस का गं?”

“नाही, मावशी. तुला फार दुखतंय ना? माझ्यामुळे.”

“दुखतंय. पण तुला एक सांगू? वानराला नको सांगूस, त्याला वाईट वाटेल. मघाशी उठले ना, तेव्हा पहिली काही पावलं मला फार बरी वाटली. पळस फुलला होता तेव्हापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. मग मी दमले, थांबले, आणि तू थांबू दिलं नाहीस.”

खार टुणकन खाली आली. तिला एकदम उमगले. वानर म्हणत होता, दुखणे संपेपर्यंत काहीच नको. ती म्हणाली होती, सगळे आजच. मावशीला सोसते किती, हे दोघांपैकी कोणी विचारलेच नव्हते.

“मावशी, आता पुन्हा उठशील? त्या मोहाच्या झाडापर्यंतच. मन म्हणेल तिथे थांबायचं.”

रानम्हैस उठली. मोहापर्यंत गेली, उभी राहिली आणि परत आली. मग खार स्वतःच वानराकडे गेली. “आजोबा, तुमचा तापलेला दगड द्या. ऊब चांगली असते कमरेला.”

वानराने तिच्याकडे रोखून पाहिले. “आणि माझा पाय?”

“पाय तुमच्यापाशीच राहू द्या,” खार म्हणाली, आणि म्हाताऱ्याला नको असतानाही हसू आले.

अंधार पडेपर्यंत रानम्हैस मधून मधून मोहापर्यंत जाऊन येत राहिली. दुखणे गेले नाही. पण वाढलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळपाची नायिका तिची चाल बघायला आली आणि मान हलवत म्हणाली, “चालतेस खरी. पण या चालीनं तू उद्या आमच्याबरोबर खिंड कशी चढणार?”

खारीने खिंडीकडे पाहिले, रानम्हशीच्या पायांकडे पाहिले आणि मग वडाच्या ढोलीकडे. “ती उद्या निघणारच नाही,” ती म्हणाली. “ती आत्ता निघेल. कळपाच्या एक दिवस आधी. प्रत्येक सावलीत थांबेल, पुन्हा उठेल. तुम्ही मागून याल तेव्हा आम्ही खिंडीच्या तोंडाशी असू. तिथून पुढे सगळे मिळून.”

“आम्ही म्हणजे?” कावळ्याने विचारले. “आणि तुझा दवाखाना?”

“दवाखाना निघाला डोहावर,” असे म्हणून खार टुणकन रानम्हशीच्या शिंगावर चढून बसली.

“अगं, पण अजून दुखणं गेलं नाही हिचं!” वानर कळवळून ओरडला.

“नाही ना गेलं, आजोबा,” रानम्हैस पहिले पाऊल टाकत म्हणाली. “येऊ दे त्याला बरोबर. वाटेत दमेल कुठेतरी.”

कावळ्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले, आणि वाघ कुठे दिसतो का ते बघायला तो त्यांच्यापुढे उडाला.

तात्पर्य : कंबर दुखली की धोक्याची खूण नाही ना, हे आधी पाहावे. ती नसेल तर दुखणे जाण्याची वाट पाहत पडून राहू नये आणि ईर्षेने धावूही नये. सोसेल तेवढे रोज चालत राहावे.