बेलओहळातला पहिला कंदील

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते विचारायचं नाही. साल ठाऊक आहे असं जो म्हणेल तो थापाड्या. बेलओहळात तेव्हा काडेपेटी आली नव्हती, एवढं धरून चाला. ज्याची चूल विझली तो गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचा आणि इंगळ घेऊन यायचा. सगळं गाव असं एकमेकांच्या विस्तवावर जगायचं.

त्या गावात ठकू नावाची बाई होती. गावचीच लेक. नवरा मेला तशी कडेवर पोर घेऊन माहेरी आली. म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे. तिच्या बापाचा धंदा कागदाचा. नवरानवरीच्या कपाळाला बांधायची बाशिंगं, गणपतीची मखरं, दाराची तोरणं, दिवाळीचे कंदील, सगळं त्याच घरातून जायचं. बाप गेला आणि कातर तिने उचलली. विधवेच्या हातचं बाशिंग कसं बांधायचं म्हणून चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आत्या म्हणाली, नका बांधू, उघड्या कपाळाने लगीन लावा. पंचक्रोशीत दुसरं कुणी बाशिंग करणारं नव्हतं. नाकं आपोआप सरळ झाली.

असं म्हणतात, की तिची कातर एकदा कागदात शिरली की काम पुरं झाल्याशिवाय बाहेर येत नसे. खूण नाही, रेघ नाही. कागदाची घडी घालायची, कातर फिरवायची, घडी उलगडली की मोर. असंही म्हणतात, की ते मोर बघायला माळावरच्या लांडोरी तिच्या अंगणात यायच्या. लांडोरी दाणे टिपायलाही येत असतील. पण म्हणतात खरं.

मग पटकीचं साल आलं.

सकाळी औत धरलेला माणूस दिवेलागणीला तिरडीवर, असं ते साल. एक घर सुटलं नाही. ठकूआत्याची एकुलती पोर बकुळा गेली. रावजी पाटलाचा धाकटा लेक भिकू गेला. नवसाचा होता, तरी गेला. पटकीला नवस कळत नाहीत.

रोग थांबला तेव्हा घाटापलीकडून एक देवऋषी आला. त्याने राखेत बोटं फिरवली आणि सांगितलं, की गेलेली माणसं भुकेली आहेत. त्यांचं नाव घ्याल तर ती परत येतील आणि आणखी एकेक घेऊन जातील. त्यांचं होतं नव्हतं ते जाळा. नाव काढू नका. वर्षभर दारात दिवा नको, तोरण नको, कंदील नको. एवढं सांगून, पायली पायली दाणे घेऊन तो गेला. पाटलाने ते चावडीवर हुकूम म्हणून ऐकवलं. पाटील वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. वाईट माणसाचं एक वेळ परवडतं, भित्र्याच्या हातात काठी असू नये.

लोकांनी जाळलं. कुणी धोतर जाळलं, कुणी पाळणा. ठकूआत्या तेव्हा तापाने पडली होती. शुद्धीवर आली तर पोरीची खुंटी रिकामी. परकर नाही, बांगडी नाही, चिंध्यांची बाहुली नाही. शेजारणींनी चांगलं समजून सगळं नेऊन जाळलं होतं. 

पण पावसाळा सरता सरता तिला एक गोष्ट कळली आणि ती हादरली. पोरीचा चेहरा पुसट होत चालला होता. नाक कसं होतं ते आठवेना. हसताना कुठला गाल आत जायचा ते आठवेना. नाव घ्यायची बंदी, वस्तू एक नाही, मग माणूस राहणार कशावर? पोर एकदा पटकीने नेली होती, आता दुसऱ्यांदा जात होती. एवढंच उरलं होतं, की बकुळा उंबऱ्यावर बसून वेणी घालायची तेव्हा शेवटी बांधायची आगवळ दातात धरायची आणि मान डाव्या खांद्याकडे टाकायची. चेहरा गेला, पण मान आठवत होती.

दिवाळी आली. त्या वर्षी गावात लग्नंच झाली नव्हती, म्हणून बाशिंगाचा कागद पेटीत तसाच पडून होता. लाल, पिवळा, सोनेरी. आत्याने एका कागदाला काजळ फासलं आणि कातर घातली. उंबऱ्यावरची पोर निघाली. काळी सावली, नाक नाही डोळे नाहीत, पण मान तीच आणि दातात आगवळ. कामट्यांचा कंदील बांधला, त्याला पतंगी कागद लावला, आतून ती पोर खळीने चिकटवली, आणि वसुबारसेला कंदील दारात टांगला.

पाटलाचा माणूस आला. उतरव म्हणाला. ती म्हणाली, तू लावला नाहीस, तू उतरवायचा नाहीस. मग पाटलाने तिला वाळीत टाकलं. विस्तव बंद. तिने तरी चूल पेटती ठेवली असती, म्हणून जाता जाता पाटलाच्या माणसाने तिच्या चुलीत घागर ओतली.

आता बघा. कंदील आहे, पणती आहे, तेल आहे, आणि पेटवायला ठिणगी नाही. सगळ्या गावाने ते पाहिलं. काळोखात न पेटलेला कंदील लोंबतोय आणि त्याच्याखाली बाई बसलीय. कुणीतरी जाता जाता म्हणालं, आत्या, दिसत न्हाई काय बी, कशाला टांगलाय? ती म्हणाली, दिसत नसला तरी टांगलेला हाय.

धनत्रयोदशीला सांज झाली आणि शेजारची सगुणा आली. हिचा नवरा पटकीत गेला होता, आणि बकुळाचा परकर जाळणाऱ्यांत हीच पुढे होती. पदराखाली खापरी, खापरीत इंगळ. तिने ती उंबऱ्यावर ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडे मागत नाहीत.

"माझ्या माणसाचा बी काप," म्हणाली.

"कसा व्हता?"

सगुणा सांगू लागली, की लई कामसू, पहाटे उठायचा, दोन माणसांचं काम एकटा करायचा. आत्याने कातर खाली ठेवली.

"सगुणे, तुझा नवरा बांधावर झोपायचा. समदं गाव त्याला ओलांडून जायचं."

 सगुणाला हसू फुटलं, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली. आत्याने तिला रडू दिलं आणि तोवर बांधावर आडवा झालेला, मुंडासं तोंडावर ओढलेला माणूस कापून हातात दिला. सगुणा म्हणाली, ह्योच.

त्या इंगळावर आत्याची पणती पेटली. बकुळा भिंतीवर उतरली, हातभर उंच, मान डाव्या खांद्याकडे टाकून. गल्लीतून जाणारं माणूस बघत उभं राहिलं.

मग बाया यायला लागल्या. पदराखाली इंगळ, कामाचं मोल तेच. मागून पुरुषही आले, पण ते आधी इकडचं तिकडचं बोलायचे. आत्या एकच विचारायची, कसा व्हता, कशी व्हती. आणि घरच्यांचा एक शब्द खरा मानत नसे. शेजाऱ्याला हाक मारायची. घरची माणसं मेलेल्याचा देव करतात आणि देव सगळे सारखे दिसतात. शेजारी खरं सांगतो. एक सून म्हणाली, सासूबाईंच्या हातातली काठी नको दाखवू. आत्या म्हणाली, ती काठी तुझ्या पाठीला ठाऊक हाय, गावाला बी ठाऊक हाय, काठी ऱ्हाईल. एक म्हातारा होता, तो खांबाला पाठ घासायचा, तो खांबासकट कापला. एक पोरगा ओढ्याच्या दरडीवरून खाली धार सोडायचा. त्याची आई आधी म्हणाली, शी, हे काय. घरी गेली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. म्हणाली, तसाच ऱ्हाऊ दे.

असं म्हणतात, की त्या पेटीतला कागद संपेना. ती वरचा काढायची आणि खालून दुसरा वर यायचा. लक्ष्मीपूजनाला सगळी गल्ली लाल पिवळी झाली, आणि प्रत्येक भिंतीवर गेलेलं माणूस आपापल्या खोडीसकट उभं राहिलं.

तेव्हा पाटील आला. हातात काठी, मागे माणसं. त्याने विचारलं, हुकूम कुणी मोडला.  आत्या कंदिलाखालून उठली.

"रावजी, मी मोडला. तुझ्या घरातलं कोण गेलं त्याचं नाव घे. तू घेतलंस तर समदे कंदील मी माझ्या हातानं उतरवते."

पाटलाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. नाव घ्यावं तर स्वतःचाच हुकूम मोडतो, आणि न घ्यावं तर अख्खं गाव बघतंय, की बाप पोराचं नाव गिळून बसलाय. सगळे वाट बघत राहिले. अडकलेल्या माणसाला एकच सुचतं. त्याने काठी उचलली आणि बकुळाचा कंदील फोडला.

कामट्या मोडल्या, कागद फाटला, पणती जमिनीवर पडून विझली. पण असं म्हणतात, की भिंतीवरची सावली गेली नाही. दिवा नाही, कागद नाही, आणि पोर भिंतीवर तशीच. पाटील ओरडला, शेणकाला आणा, सारवा ही भिंत. एक बाई जागची हलली नाही. मग त्याने स्वतः खाली वाकून, पाटील असून, दोन्ही हातांनी भिंत सारवली. शेणावर सावली परत आली. ज्यांनी पाहिलं ते सांगत, की पोरीने वेणीचा एक पेड दुसऱ्यावर टाकला. त्याच्या मागची माणसं एकेक करत घरी गेली. पाटील शेणाच्या हातांनी एकटाच उभा राहिला, आणि मग तोही गेला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. भर उन्हात पाटलीण घराबाहेर पडली. पारूबाई तिचं नाव. उंबऱ्याबाहेर कधी न दिसलेली बाई गावाच्या मधून चालत आली, आणि तिच्या चिमट्यात लालभडक इंगळ होता. पदराखाली लपवलेला नव्हता. चावडीवरून आली, देवळावरून आली. आत्यापुढे तो ठेवला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भिकू. माझा भिकू."

कुणी परत आलं नाही. कुणी नवं मेलं नाही. ओढा वाहत होता तसा वाहत राहिला.

भिकू कसा होता हे विचारावं लागलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, तो पोरगा बापाच्या खांद्यावर बसून गाव हिंडायचा, बापाचे दोन्ही कान धरून. पण इथे अडलं. जित्या माणसाची सावली कापायची नसते, आयुष्य तुटतं. आणि बाप तर जिता. बाया म्हणाल्या, दुसरं काही काप. आत्या म्हणाली, दुसऱ्या तऱ्हेचा तो नव्हताच. तिने एकटा भिकू कापला. खाली कुणी नाही. पाय खाली सोडलेले, हात पुढे, मुठी आवळलेल्या. नुसता हवेत बसलेला पोरगा.

पारूबाईने तो कंदील पाटलाच्या दारात लावला. पाटलाने पाहिलं आणि मान फिरवली. आत जाताना मात्र त्याला कंदील आणि भिंत यांच्यामधूनच जायचं होतं. तो मध्ये आला, त्याची सावली भिंतीवर पडली, आणि भिकू त्याच्या खांद्यावर बसला. दोन्ही मुठी नेमक्या कानांवर.

असं म्हणतात, की पाटील तेल संपेपर्यंत तिथून हलला नाही. त्याने नाव घेतलं का, हे कुणी सांगत नाही. त्याने हुकूम मागे घेतल्याचंही कुणाला आठवत नाही. चावडीवर तो कधीच मागे घेतला गेला नाही. नुसता कुणी पाळला नाही.

तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवून ओढ्यात सोडायची रीत होती. आत्याने सोडू दिले नाहीत. तिने आतली माणसं सोडवून घेतली. जाड कागदाची पानं दोऱ्याने शिवून एक बाड केलं, आणि एका पानावर एक माणूस चिकटवलं. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला. बाशिंगांचा उरलेला सोनेरी कागद होता, त्याची बारीक नक्षी प्रत्येक पानाच्या कडेला लावली. ज्या सालाची बाशिंगं कुणी बांधली नाहीत त्या सालाचं सगळं सोनं मेलेल्यांना गेलं. बाडात एक अक्षर नाही. तिला येत नव्हतं आणि लागलंही नाही. आजही कुणीही पान उलटतं आणि म्हणतं, हा झोपाळू सगुणाचा नवरा.

ठकूआत्या कशी गेली याबद्दल गावात दोन बोलणी आहेत. एक, म्हातारी होऊन खाटेवर गेली. ते मला पटत नाही, कारण ती कधी खाटेवर झोपलीच नव्हती. दुसरं असं म्हणतात, की एका सकाळी तिचं दार उघडं होतं, कातर पेटीवर होती, ती कुठे नव्हती. आणि भिंतीवर, पोरीच्या मागे, एक बाई बसली होती. वेणी तिच्या हातात होती.

आता बेलओहळात वीज आहे, दुकानात चिनी माळा आहेत, रंगीत कार्डशीट आहे, गोंदाच्या बाटल्या आहेत. शाळेतली पोरं आपापल्या घराच्या चिकटवह्या करतात आणि चांगल्या करतात. बाड देवळात आहे, त्याला नवी पानं शिवत शिवत ते आता दोघांनी उचलावं लागतं. बाहेरगावची माणसं नावं ठेवतात. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी वर्षभर सण नसतो, ही जगाची रीत. आमच्या गावात पहिला कंदील त्याच घरी लागतो. एक भटजी आला होता, म्हणाला हे कशातच बसत नाही. आम्ही त्याला चहा पाजला आणि एस्टीत बसवून दिला.

वसुबारसेला सांज झाली की शेजारी त्या घराच्या ओट्यावर जमतात. घरच्यांनी बोलायचं नाही. शेजारी भांडतात. असा चालायचा, नाही, तसा चालायचा, मिशी पिळायचा, कुठली मिशी, विडी विझायची तरी ओढत राहायचा. भांडण मिटतं तेव्हा कातर लागते. मग शेजारीण आपल्या चुलीतला इंगळ घेऊन येते, घरी गॅस असला तरी त्या दिवसापुरती चूल मांडते, आणि कंदील पेटतो. सगळ्यांनी मिळून मोठ्याने नाव घ्यायचं. तोवर गावात एक दिवा लागत नाही, माळ लागत नाही. सगळं गाव काळोखात बसून राहतं, पाटलाचं घरसुद्धा.