उलट्या परीचा राग

शेवंतवाडीला शेवंती एवढी मोठी फुलायची, की एका फुलाच्या सावलीत दोन पोरं आणि एक शेळी आरामात बसत. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा. तिथल्या बागेत नऊ वर्षांची अनाथ गोजरी फुलं खुडायची. म्हातारे माळी धोंडूतात्या आपल्या झोपडीत तिला सांभाळत.

त्या दिवशी तात्यांनी पांढऱ्या फुलांच्या टोपलीत पिवळी फुलं भरली. मालकीण बायजाबाई अशी कडाडली, की झाडावरचे पेरू पिकायचे थांबले.

"डोळे फुटले का म्हाताऱ्या? ऊन उतरायच्या आत झोपडी सोड!"

"त्यांना दिसत नाही! मुद्दाम केलं का त्यांनी?" गोजरी ओरडली.

"मला उलट बोलतेस?" बायजाबाईने तिला अवजारांच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

आत मिट्ट काळोख. गोजरीने दाराला लाथ मारली, मग फावड्याला, मग चुकून स्वतःच्याच अंगठ्याला. रडू येत होतं, पण गाल एवढे तापलेले, की आसवांची वाफच व्हायची.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर रंग सांडले! दाराला खिळ्याएवढं भोक होतं. त्यातून उजेडाची सोनेरी काडी आत आली आणि अख्खी बाग भिंतीवर उमटली. पण उलटी! खाली निळंनिळं आभाळ, वर शेवंतीचे पिवळेधमक गेंद. आणि त्या गेंदांत खाली डोकं, वर पाय अशी बोटभर परी लटकत होती. झगा मोरपंखी, नाक मात्र रागाने लालेलाल.

"हसलीस तर बघ!" परी म्हणाली.

"मी कशाला हसू? तू उलटी का पण?"

"बारीक भोकातून उजेड आला, की वरचं खाली न् खालचं वर पडतं. तुझ्या डोळ्यातही अशीच इवलीशी अंधारी खोली आहे. काळ्या बाहुलीतून उजेड आत शिरतो आणि मागच्या नाजूक पडद्यावर सगळं जग उलटं पडतं."

"मग मला सरळ कसं दिसतं?"

"तुझं मन ते सरळ करून घेतं."

"आणि तात्यांना का दिसत नाही?"

"बाहुलीच्या मागे दवाच्या थेंबासारखं भिंग असतं. त्यांचं दुधाळलंय. पांढरं काय, पिवळं काय, कसं कळणार? आता ऊन आहे तोवर काय हवं ते माग पटकन. मागणं एकच. आणि भोकातून बाहेर जाताना तेही उलटं होतं, हां!"

गोजरीचे डोळे चमकले. "म्हणजे 'बायजाबाईला छान दिसू दे' म्हटलं तर..."

"ठार आंधळी!"

शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. इतक्यात बाहेरून तात्यांचा आवाज आला, "बाई, मी जातो हो, पण पोरीला सोडा."

गोजरीने शब्द गिळले. "तात्यांचे डोळे बरे व्हायला हवेत."

"मग म्हण, 'तात्यांना कध्धीच दिसू नये.'"

गोजरीने तोंड उघडलं. मिटलं.

"नाही म्हणवत."

"अगं, उलटं होणारे ते!"

"झालं तरी! माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल असलं निघायचं नाही."

"ऊन उतरतंय, हट्टी कार्टे!"

"उतरू दे! तात्यांना लख्ख दिसू दे, हेच माझं मागणं. उलटं झालं तर तू सरळ कर. माझं एवढंसं मन रोज अख्खं जग सरळ करतं. तुला मन नाही का?"

"मला? मला मन नाही?"

परीच्या पंखांतून ठिणग्या उडाल्या. झगा जांभळा झाला, केशरी झाला. रागारागाने तिने अशी कोलांटी मारली, की ती स्वतः सरळ झाली आणि तिच्याबरोबर गोजरीचं मागणंही सरळ होऊन भोकातून सुटलं.

बाहेर तात्या ओरडले, "अरे देवा! केवढं हे पिवळं!" आणि त्यांनी थेट येऊन कडी काढली.

दार उघडलं. उजेडाचा लोंढा आत घुसला. भिंतीवरची बाग विरली, आणि "मन नाही म्हणे!" असं पुटपुटत परीही त्या लखलखाटात विरघळली.

तात्यांनी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच टोपलीतलं पिवळं फूल न् फूल वेगळं केलं. बायजाबाई खाली बघत म्हणाली, "राहा मग झोपडीत."

"आधी त्यांची माफी मागा!" गोजरी गरजली.

बायजाबाईने मागितली. अगदी हळू, पण मागितली.

तात्या मात्र गोजरीकडेच टक लावून बघत होते. इतकी वर्षं त्यांना तिचा चेहरा नुसता धुक्यासारखा दिसलेला.

"अगं, एवढी रागीट दिसतेस होय तू?" ते म्हणाले. "मी तर हसरी समजत होतो!"

तेव्हा कुठे गोजरी हसली. आणि तेही तात्यांना स्पष्ट दिसलं.