रिकाम्या समुद्राकडे पाहणारे बेट

एकदा एका लहानशा बेटाचा खारबांध समुद्राने फोडला आणि एकाच भरतीत तिथली सारी भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. पैलतीरावरच्या एका महाराज्याने निरोप धाडला : ‘काय हवे ते मागा, आम्ही जहाजे पाठवू.’ उत्तराचा मसुदा करण्याचे काम राजाने श्रीकर नावाच्या तरुण पंडिताकडे सोपवले.

श्रीकर मोठा अभ्यासू. याच महाराज्याची मदत घेतलेल्या दोन बेटांची चाळीस वर्षांची माहिती त्याने गोळा केली. शंखद्वीपाला तीनशे जहाजे मिळाली होती, वेत्रद्वीपाला जेमतेम तीस. तो आपल्या वृद्ध आचार्यांकडे धावत गेला.

“आचार्य, मागावं कसं ते शंखद्वीपाकडून शिकावं! आपणही तसंच मागू.”

आचार्यांनी त्याच्या हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, “नाव काढ. दोन्ही बेटं पाहून येऊ.”

शंखद्वीपाचा धक्का दगडी होता, रस्ते आरशासारखे होते. मात्र चालता चालता एक गोष्ट श्रीकरच्या ध्यानात आली. प्रत्येक घराचे दार समुद्राकडे होते, आणि मागच्या, शेताकडच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. बाजारात माणसे होती, पण त्यांचे बोलणे कुणीतरी झोपलेले असावे तसे हलक्या आवाजात चाले.

भर दुपारी आचार्य बाजाराच्या मधोमध उभे राहिले आणि अचानक मोठ्याने ओरडले, “जहाज आलं!”

श्रीकर चमकला. समुद्रावर काहीच नव्हते.

सारा बाजार उठला. कुणी धावले नाही, कुणी विचारले नाही. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, आणि अर्धी दाढी झालेला माणूस तोंडावरचा फेस तसाच ठेवून चालू लागला. तव्यावरची भाकरी करपत राहिली. शेकडो पावले एका लयीत किनाऱ्याकडे गेली. तिथे जांभ्याच्या कातळावर पावलांच्या आकाराचे खळगे पडले होते. जो तो आपापल्या खळग्यांत उभा राहिला. एका आईने लहान मुलीला दोन उथळ खळग्यांशी नेले आणि हळूच सांगितले, “ही तुझी जागा हं.”

श्रीकरने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, “काका, जहाज कुठं आहे?”

“येईल.”

“पण दिसत तर नाही.”

“न दिसलं तरी येतंच.”

“जहाजं येत नव्हती तेव्हा तुम्ही काय करत होता?”

म्हाताऱ्याने प्रथमच मान वळवली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःखही नव्हते. “तेव्हा म्हणजे कधी?” त्याने विचारले.

श्रीकरने रांगेवरून नजर फिरवली. रांगेत फक्त एक जागा रिकामी होती. आचार्य तिथे गेले आणि त्या खळग्यांत उभे राहिले. पावले नेमकी बसली. श्रीकर काही विचारणार, तोच त्याला क्षितिजावर एक पांढरे शीड दिसले. मोठे, फुगलेले. त्याचे मन एकदम निवांत झाले, पाय जड झाले. आता काहीच करायचे उरले नव्हते.

आचार्यांनी त्याचे मनगट घट्ट धरले. “तिथं काही नाही, श्रीकर. चल!”

नाव खोल पाण्यात आल्यावर आचार्य बोलले. “मी इथलाच. दुष्काळात आई आणि दोन भाऊ गेले. एके सकाळी मी या कातळावरून ही हाक दिली, तेव्हा जहाज खरंच आलं होतं. त्यातल्या तांदळावर माझी बहीण जगली. त्या जहाजाला मी आजही हात जोडतो.”

“मग चुकलं कुठं?”

“आधी वेत्रद्वीप पाहू.”

वेत्रद्वीपाचा धक्का लाकडी होता आणि एका बाजूला कलला होता. बाजारात कलकल होती. आचार्यांनी पुन्हा तीच आरोळी ठोकली. दोन-चार जणांनी मान वर केली. ऐरणीवर घण घालणारी एक लोहारीण हसली.

“कसलं जहाज हो, आजोबा? आमचं शेवटचं जहाज गेलं त्याला बारा वर्षं झाली.”

“तुम्हाला अधिक नको होतं?” श्रीकरने विचारले.

“दुष्काळात तांदूळ घेतलाच की. पुढं त्या राज्याची माणसं कोयते देत होती. सासरे म्हणाले, कोयते नकोत, कोयते करायला शिकवणारा माणूस द्या, पाच वर्षांसाठी. शिकलो, आणि त्याला वाजतगाजत पोहोचवून आलो.” तिने घण उचलला. “रस्त्यात खड्डे आहेत, जपून जा. ते काम अजून जमलेलं नाही.”

परतताना आचार्य म्हणाले, “भुकेल्यानं घ्यावं, त्यात लाज नाही. पाहुणा आला की तो जाणार कधी, हे या लोकांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. आम्ही ते ठरवलं नाही. मग पाहुणा राहिला, आणि आमच्याच घरातून आम्ही एकेक करून निघून गेलो. कधी गेलो, ते कुणाला कळलंही नाही.”

श्रीकर बेटावर परतला तो थेट लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने राजापुढे मसुदा ठेवला : ‘दोन वर्षे तांदूळ व बी. खारबांध बांधणारे सहा कारागीर, सात वर्षांसाठी, प्रत्येकाच्या हाताखाली आमची चार माणसे. आठव्या वर्षी जहाज पाठवू नये. आम्ही मागितले, तरीही.’

राजाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “हे कशासाठी?”

“महाराज,” श्रीकर म्हणाला, “आठव्या वर्षी आपण कोण झालेले असू, ते मला आज सांगता येत नाही.”

राजाने ती ओळ पुन्हा वाचली आणि मसुद्यावर मोहोर उमटवली.