पाय कोणी आपटायचा?

मुलांनो, साग-बांबूच्या एका रानात हत्तींचा एक कळप राहत असे. त्यांची रीत अशी होती, की मुक्काम हलवायचा झाला म्हणजे थोरल्या हत्तिणीने उजवा पाय तीनदा जमिनीवर आपटायचा. तुम्ही हट्टाला पेटून आपटता तसा नव्हे, चांगला शांतपणे. मग सगळे तिच्यामागून निघत. ती असताना दुसऱ्या कोणी पाय आपटल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

एका उन्हाळ्यात थोरली तापाने आडवी झाली. डोळे उघडे, पण कोणाची ओळख नाही. इकडे डोहातले पाणी रोज हातभर मागे सरत होते आणि नदी तर दोन दिवसांच्या वाटेवर. थोरलीच्या पाठोपाठ नेहमी मधली हत्तीण चाले. तिच्या जिवाला घोर लागला. पाय आपटावा, तर सगळे म्हणणार, ही थोरलीच्या मरणावरच टपली होती. न आपटावा, तर पिल्ले तहानेने जाणार. ती रोज थोरलीच्या कानाशी जाऊन विचारी आणि रोज तशीच परत येई. कळपातल्या एका म्हातारीने तर तिला बजावलेच, "थोरलीचा श्वास चालू आहे. तिच्यादेखत पाय आपटायला तुला कोणी सांगितलं?" आणि खरोखरच तिला कोणी सांगितले नव्हते.

पाचव्या दिवशी डोहात नुसता चिखल उरला. मधलीचे पिल्लू त्यातच सोंड खुपसून पाणी शोधू लागले, तेव्हा मात्र तिला राहवेना. तिने तीनदा पाय आपटला. कोणी हलले नाही. तेवढ्यात एका सुळेवाल्याला चेव आला आणि त्यानेही पाय आपटला, तोही डोंगराकडे तोंड करून. झाले, कळप फुटला. अर्धे मधलीमागे गेले, काही सुळेवाल्यामागे, आणि म्हातारी थोरलीपाशीच बसून राहिली. मधलीमागचे सगळे नदीवर पोचले. बाकीच्यांची तिने महिनाभर वाट पाहिली. त्यांच्यातले कोणीही आले नाही.

पुढे मधलीच कळपाची थोरली झाली. पहिल्याच सकाळी तिने आपल्यामागे चालणाऱ्या हत्तिणीला पुढे बोलावले, सर्वांदेखत तिला पाय आपटायला लावले आणि स्वतः मुकाट्याने तिच्यामागून चालू लागली. सगळे चालता चालता एकमेकांकडे पाहू लागले. एकीने हळूच विचारले, "बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

"ठणठणीत आहे," ती म्हणाली, "म्हणून तर आजच दाखवतेय. आडवी पडल्यावर सांगायला मी शुद्धीत असेन कशावरून?"

तात्पर्य : आपल्या जागी कोणी उभे राहायचे, हे पुढाऱ्याने धडधाकट असतानाच सर्वांसमक्ष ठरवून द्यावे; तो अंथरुणाला खिळल्यावर ठरवायला वेळही उरत नाही आणि एकमतही.